वडी खायचीच आहे

नवप्रवाह पक्षात त्या काळी एक वाक्य उठता-बसता कानावर पडायचं: "वडी खायचीच आहे."

प्रतिस्पर्ध्याच्या सभेची वीज तोडली? असू दे, वडी खायचीच आहे. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांचा हुबेहूब आवाज यंत्रावर तयार करून त्यांच्याच तोंडून पोराला शिव्या देवविल्या? चालायचंच, वडी खायचीच आहे. बाहेरच्या माणसाला वाटावं, या मंडळींना गोडाचं फारच वेड दिसतं. पण ही वडी साधी नव्हती. ती काय होती हे कळायला आधी पक्षातली भांडणं समजून घ्यायला हवीत.

घटनेत बदल होऊन राज्याचा प्रमुख आता थेट लोकांच्या मतांनी निवडला जाई. त्याला राज्याध्यक्ष म्हणत. प्रत्येक पक्षाला त्यासाठी एकच उमेदवार देता येई, आणि तो कोण, हे पक्षाचे सभासद आधी आपसांत मतदान करून ठरवत. या घरातल्या घरात होणाऱ्या निवडणुकीला पूर्वनिवड म्हणायचे. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात ती शुद्ध भाऊबंदकी होती. परक्याशी भांडताना माणूस थोडं तरी बिचकतो. घरच्याशी भांडताना कसलं बिचकणं? त्याचं दुखतं कुठे ते आपल्याला नेमकं ठाऊक असतं, आणि मारही तिथेच बसतो. पूर्वनिवडीत हरलेल्याची माणसं खऱ्या निवडणुकीत रुसून घरी बसायची, नाहीतर सरळ विरोधकांना मत देऊन मोकळी व्हायची.

"विरोधकांनी आम्हाला पाडायचे कष्ट कशाला घ्यावेत?" पक्षाचे सरचिटणीस नाना कर्णिक म्हणत. "आमचे आम्ही समर्थ आहोत की!" नाना सदा हसतमुख, सगळ्यांच्या लग्नाकार्याला हजर. पक्ष फुटू नये ही त्यांची एकच काळजी, आणि त्या काळजीपोटी ते काहीही करायला तयार असत.

त्यांच्या कानावर डॉक्टर नौशाद मुजावर यांचं नाव आलं. मुजावर मूळचे मिरजेचे, मेंदूतल्या आठवणींवर काम करणारे. अपघातातून वाचलेल्या आणि युद्धावरून परतलेल्या माणसांसाठी त्यांनी 'निर्वैर' नावाचं औषध शोधलं होतं. झालेला प्रसंग माणसाला आठवायचा, पण त्यातली आग विझायची. नानांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला! संक्रांत तोंडावर होती. तिळगुळाच्या वडीत निर्वैर घालायचं, भांडलेल्या उमेदवारांनी ती एकमेकांना भरवायची, गोड बोलायचं आणि एकदिलाने प्रचाराला लागायचं. तेव्हापासून पूर्वनिवडीचा शेवट संक्रांतीच्या मेळाव्यात होऊ लागला आणि वडी खाणं हा पक्षाचा नियमच झाला. जो खाणार नाही तो पक्षाबाहेर.

मग झालं काय, की राग शेवटी पुसलाच जाणार म्हटल्यावर लोकांनी धरबंधच सोडला. पूर्वी निदान उद्या तोंड दाखवायचंय याची लाज असायची. आता उद्या सगळं साफ होणार होतं, मग आज हात कशाला आखडायचा?

वैजयंता पाचपांडेंनीही आखडला नव्हता.

वैजयंताताई जळगावकडच्या, यावलच्या. आधी शाळेत गणित शिकवायच्या, मग जिल्हा परिषद, मग आमदारकी, आणि यंदा पूर्वनिवडीत कोल्हापूरच्या उदयभान सरनोबतांशी शेवटची झुंज. त्यांचा प्रचार सांभाळायचा त्यांचा धाकटा भाऊ हेमराज. हेमराज एके काळी दारूत बुडालेला होता. ताईंनी त्याला उपचारांसाठी ठेवलं, तिथून तो माणूस होऊन बाहेर आला, आणि तालुक्या-तालुक्यात व्यसनमुक्ती केंद्र व्हावं हा एकच ध्यास घेऊन बसला. "ताई, तू निवडून आलीस की पहिलं काम हे," तो म्हणायचा. ताई म्हणायच्या, "अरे हो रे बाबा, पहिलं तेच."

सरनोबतांच्या मुलीला, ऋतुजाला, फिट येतात, ही गोष्ट ताईंच्या माणसांनी शोधून काढली. गावभर करायची का, एवढाच प्रश्न होता.

"ताई, हे नको," हेमराज म्हणाला. "पोरीचं लग्न जमलंय. तिचा काय संबंध?"

"मलाही बरं नाही वाटत. पण हेमू, संक्रांतीला वडी खायचीच आहे. कोण लक्षात ठेवतंय?"

"तिनं कुठे वडी खायचीय, ताई?"

ताईंनी विषय बदलला. ऋतुजाचं लग्न मोडलं. आठवड्याच्या आत सरनोबतांच्या माणसांनी हेमराजची जुनी चित्रफीत बाहेर काढली. उपचार केंद्रातली, थरथरत एका घोटासाठी रडून पाया पडतानाची. भर वादसभेत ती पडद्यावर दाखवली आणि सरनोबत हसत म्हणाले, "हे यांचे प्रचारप्रमुख!" लोकही हसले. हेमराज सभेतून उठून गेला. कित्येक वर्षांनी तो त्या संध्याकाळी प्यायला, आणि मोटारसायकलवरून घरी येताना पुलाच्या कठड्यावर आदळून जागीच गेला.

पूर्वनिवड सरनोबतांनी थोडक्यात जिंकली. ताईंना त्या निकालाशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. संक्रांत जवळ येत होती, एवढं खरं.

*

यावलच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. एके दुपारी दिगंबर आला. दिगंबर म्हणजे ताईंचा पूर्वीचा नवरा. आधीच्या पूर्वनिवडीनंतर दोघं वेगळी झाली, ती का, हे ताईंना कोणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "जमलं नाही." खरंच तेवढंच आठवायचं त्यांना.

दिगंबर ताईंच्या आईंच्या पायाशी बसून रडला. हेमराज त्याचा जिवाभावाचा मित्र होता. आईंनीही डोळ्यांना पदर लावला. ताईंनी पाणी दिलं, चहा विचारला आणि खुर्चीत बसल्या. दिगंबरने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"वैजू, अजून तशीच बघतेस माझ्याकडे. वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आल्यासारखी."

"असं काही नाही."

"असंच आहे. त्या संक्रांतीच्या मेळाव्याहून तू परत आलीस ती पाहुणी होऊन. मला वाटलं, दमली असेल. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. वर्षभर वाट पाहिली गं." त्याने रुमालाने नाक पुसलं. "भांडलीसुद्धा नाहीस कधी. भांडली असतीस तर राहिलो असतो."

तो गेल्यावर ताईंनी जुनं जुळवून पाहिलं. आधीच्या पूर्वनिवडीतही त्या उभ्या होत्या, आणि कोणीतरी दिगंबरबद्दल घाणेरडं उठवलं होतं. एका बाईचं नाव, कसलीशी खोटी छायाचित्रं. ताई तेव्हा संतापाने पेटल्या होत्या, आणि मग त्यांनी वडी खाल्ली होती. आता त्यांनी मुद्दाम दिगंबर आठवून पाहिला. लग्नात पावसाने मांडव भिजला होता. त्याला कारलं आवडायचं नाही. तो झोपेत हसायचा. सगळं जागच्या जागी होतं, पण ते कुणा तिऱ्हाइताचं वर्णन वाचल्यासारखं होतं. आत काहीच हललं नाही.

त्यांनी लगेच हेमराज आठवला. थंडीतलं भरीत. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजताना त्याच्या नाकाला लागलेली काजळी, धुराने लाल झालेले डोळे, आणि "ताई, मीठ बघ गं" असं म्हणत बोटावर पुढे केलेला घास. इथे मात्र आत दुखलं. हे दुखणं अजून शाबूत आहे याचाच त्यांना आधार वाटला, आणि त्याच क्षणी त्या प्रचंड घाबरल्या.

"आई, मी उद्या नाशिकला जाते. त्या डॉक्टरला गाठायचंय."

"जा, पण वडीबिडी खाऊ नको माय," आई म्हणाल्या. "घरात माणूस गेलंय. यंदा आपल्याकडे संक्रांत नाही."

*

मुजावरांची प्रयोगशाळा नाशिकला पक्ष कार्यालयाच्या मागच्याच इमारतीत होती. ताईंनी दार लोटलं आणि बसायच्या आधीच विचारलं, "डॉक्टर, तुमचं औषध फक्त राग काढतं ना?"

मुजावरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. उंच, वाकलेला माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"नानांनी. सगळ्यांनी. तुम्ही कधी नाही म्हणालात?"

"मला कधी कोणी विचारलं?" मग त्यांचं त्यांनाच ते उत्तर लागलं असावं. "बसा ताई. गुळाचा पाक केलाय कधी?"

"मी गणिताची बाई, पण संक्रांत मलाही चुकलेली नाही."

"मग सोपं आहे. आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू. काढली, पाहिली, परत ठेवली. तसं नसतं. आठवण गुळाच्या ढेपेसारखी. एरवी घट्ट. पण तुम्ही ती आठवलीत, की मेंदू तिला जणू चुलीवर चढवतो. ती मऊ होते, पाक होतो. आठवून झालं की ती परत थिजवावी लागते, आणि थिजवायला मेंदूला नव्याने प्रथिनं बनवावी लागतात. निर्वैर काय करतं, मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, भावना जिथे राहतात तो, तिथली ती प्रथिनं बनू देत नाही. प्रसंग थिजतो, भावना थिजत नाही. ती वाहून जाते."

"म्हणून मेळाव्यात आधी उगाळणी असते."

उगाळणी हा वडीआधीचा विधी. चंदन उगाळावं तसं समोरच्याने आपलं काय काय केलं ते भर मंडपात उगाळायचं. लोकांना वाटे, मन मोकळं करण्यासाठी आहे. खरं म्हणजे आठवण मऊ करण्यासाठी होतं. मनगटावर एक पट्टी बांधत. घाम आणि नाडी मोजून ती सांगायची, आठवण खरोखर पेटली की नाही. पेटली की पट्टीवरचा दिवा लाल. वडी खाऊन शांत बसलं की थोड्या वेळाने दिवा पांढरा, मग टाळ्या.

"बरोबर," मुजावर म्हणाले. "नुसतं खाऊन भागत नाही. त्या वेळी मनात जे वर आलेलं असेल, तेवढंच विरघळतं."

"तेवढंच म्हणजे? राग तेवढा? की…"

मुजावर टेबलावरचं सामान सरळ करू लागले.

"सांगा हो. माझा नवरा मला मीटरवाल्यासारखा दिसतो. का?"

"कारण पाकातून गोडी तेवढी वेगळी काढता येत नाही, ताई. तुमच्या माणसाबद्दल कोणी वाईट बोललं म्हणून तुम्हाला राग आला. का आला? तो तुमचा होता म्हणून. राग आणि माया या दोन गोष्टी नव्हत्याच. एकाच गाठीची दोन टोकं. मी सैनिकांना औषध दिलं तेव्हा स्फोटाची भीती गेली की झालं. स्फोटावर कोणाची माया नसते. इथे…" त्यांनी डोळे मिटले. "नानांना मी दोनदा म्हणालो, थांबा, तपासू. ते म्हणाले, पक्ष टिकतोय ना? मीही मग गप्प बसलो. प्रयोगशाळा त्यांच्या कृपेवर चालते."

"म्हणजे उद्या मी हेमूचं उगाळलं आणि वडी खाल्ली, की हेमू गेला."

"तो आठवेल तुम्हाला. सगळा आठवेल."

"तसा दिगंबरही आठवतो!" ताई ओरडल्याच. मग खाली बसून त्यांनी तोंड झाकलं.

*

नाना कर्णिकांनी त्यांना संध्याकाळी चहाला बोलावलं.

"नाना, मी वडी खाणार नाही. घरात दुखवटा आहे. यंदा आमच्याकडे सण नाही."

नाना हळहळले. ते नाटक नव्हतं, हेमराजला त्यांनी कडेवर खेळवलेलं होतं. "अगं, मला का कळत नाही? पण रीत पुरी सांग. सण आपल्या घरी करायचा नसतो. दुसऱ्या घरच्यांनी येऊन तोंड गोड करायचं असतं. पहिला गोड घास परक्याच्या हातचा. उदयभान भरवतील. ते काही तुझ्या घरचे नाहीत. यात शास्त्र मोडत नाही, उलट पाळलं जातं."

रीत खरीच तशी होती.

"आणि दुसरं ऐक," नाना पुढे सरकले. "राज्याच्या उपाध्यक्षपदाची उमेदवारी तुला. उदयभाननी शब्द दिलाय. सरकार आलं की पहिला ठराव हेमराजच्या केंद्रांचा. प्रत्येक तालुक्यात एक. नाव त्याचंच. बाहेर पडलीस तर तुझी माणसं फुटतील, पक्ष पडेल, आणि केंद्रं गेली तापीत वाहून. पोरानं आयुष्य घातलं गं त्यात."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ताईंची गत झाली. वडी खावी तर हेमू जाणार. न खावी तर हेमूचं काम जाणार. यातलं कोणतं गेलेलं हेमूला चाललं असतं? त्यांनी स्वतःला शंभरदा विचारलं. हेमू तर म्हणाला असता, "माझं काय घेऊन बसलीस, केंद्रं कर." असलाच होता तो. आणि म्हणूनच त्याला सोडवत नव्हतं.

मग गणिताच्या बाईंना वाट दिसली. त्या उठून तडक मुजावरांकडे गेल्या.

"डॉक्टर, जे वर येईल तेच विरघळतं म्हणालात. मग मी दुसरंच काही वर आणलं तर?"

"पट्टीला लाल होण्यापुरतं दुखरं हवं."

"आहे ना. मुक्ताईनगरच्या सभेत त्यांच्या पोरांनी दगड मारला होता. हा बघा व्रण." त्यांनी केस बाजूला केले. "रक्त डोळ्यांत गेलं होतं. वाटलं, डोळाच गेला. आठवलं की अजून अंग थरथरतं."

मुजावरांनी पट्टी बांधली. ताईंनी डोळे मिटून तो दगड आठवला. दिवा लाल झाला.

"हा घ्या म्हणावं तुमचा दगड," ताई म्हणाल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्या थोडं हसल्या. "ह्याच्यावर माया नाही माझी."

"फक्त उगाळणीनंतरही मन तिथेच धरून ठेवा," मुजावर म्हणाले. "वडी तोंडात गेल्यापासून दिवा पांढरा होईपर्यंत. एरवी त्या वेळात बँड वाजतो. बँडकडे लक्ष द्या, दगडाकडे द्या, दुसरीकडे कुठेही नको."

"मला सातवीचा वर्ग सांभाळायची सवय आहे डॉक्टर. मन म्हणजे काय मोठं?"

*

गोदाकाठच्या मैदानात मांडव. हजारो माणसं, हलव्याचे दागिने घालून मिरवणारी लहान मुलं, काळ्या साड्यांतल्या कार्यकर्त्या. ताई पांढऱ्या साडीत होत्या. व्यासपीठाच्या कडेला मुजावर उभे होते, त्यांच्या कपाळावर जानेवारीतही घाम होता.

हरलेल्याने आधी बोलायचं, अशी पद्धत. ताई उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, आता हेमराजचं नाव निघणार.

"उदयभानराव," ताई म्हणाल्या, "मुक्ताईनगरला तुमच्या माणसांनी मला दगड मारला." आणि त्या दगडाबद्दलच बोलत राहिल्या. तो कुठून आला, कसा लागला, रक्त कसं वाहिलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. पट्टीवरचा दिवा मात्र लालभडक झाला. ताईंनी मुजावरांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली.

मग सरनोबत उठले. गडी धिप्पाड, पण ऋतुजाचं नाव घेताना त्यांचा आवाज फुटला. "माझी लेक महिनाभर खोलीबाहेर आली नाही, ताई. मला म्हणते, बाबा, तुम्ही राजकारणात नसता तर माझं लग्न झालं असतं. काय उत्तर देऊ तिला?" त्यांचा दिवा लाल झाला. ताईंना त्यांच्याकडे बघवेना. हा माणूस काय गमावून बसणार आहे, हे मांडवात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्याला स्वतःला नव्हतं. सांगावं का? क्षणभर ताई पुढे झाल्या. पण सांगितलं असतं तर सगळंच ढासळलं असतं, केंद्रंही. त्या थांबल्या.

सरनोबतांनी वडी त्यांच्या ओठांशी धरली. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

दगड, दगड, दगड, ताई मनात म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनी सरनोबतांना वडी भरवली. वडी जिभेवर विरघळली. आता बँड वाजायचा.

बँड वाजला नाही. नाना माइकपाशी आले होते.

"दरवर्षी या वेळी आपण वाद्यं लावतो. यंदा लावणार नाही. आपल्या घरातला एक मुलगा गेलाय. आधी त्याला आठवू, मग पुढे जाऊ." नानांचे डोळे खरोखर भरले होते. "यावलच्या आईंनी स्वतःच्या हाताने हा फोटो दिला. दोन मिनिटं सगळ्यांनी स्तब्ध उभं राहावं."

दोन कार्यकर्त्यांनी हार घातलेली मोठी तसबीर आणून ताईंच्या अगदी समोर ठेवली.

भरिताच्या दिवशीचा हेमराज. नाकाला काजळी. बोटावर घास पुढे केलेला.

मुजावर "नाना, नको!" असं ओरडत पुढे धावले. स्तब्धतेत कोण हा ओरडतो म्हणून स्वयंसेवकांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

ताईंनी डोळे गच्च मिटले. दगड. मुक्ताईनगर. दगड. पण मिटल्या डोळ्यांआड कपाशीच्या काड्यांचा धूर आला. ताई, मीठ बघ गं. नको रे हेमू, जा, आता नको येऊस, जा ना! शाळेत पहिल्या दिवशी त्यांचं बोट न सोडणारा हेमू आला. उपचार केंद्राच्या दारात वळून बघणारा आला. "तिनं कुठे वडी खायचीय" म्हणणारा आला. कधी नव्हे इतका सगळाच्या सगळा आला, आणि ताईंना हुंदका फुटला. जिभेवरचं बोटाने खरवडून काढावं म्हणून त्यांनी हात उचलला, पण तोंडात नुसता वेलचीचा वास उरला होता.

मग हुंदका थांबला. ताईंनी डोळे उघडले. समोर एक तसबीर होती. हार किंचित वाकडा झाला होता.

दिवा पांढरा झाला. शेजारी सरनोबतांचाही झाला. मांडव टाळ्यांनी दुमदुमला.

*

जाहीरनाम्याची बैठक लगेचच पक्ष कार्यालयात झाली. कामाला इतका वेग कधीच आला नव्हता. ताई आणि सरनोबत शेजारी शेजारी बसून मुद्दे निकालात काढत होते. सरनोबतांचा फोन दोनदा वाजला. पडद्यावर ऋतुजाचं नाव होतं. त्यांनी तो पालथा घालून ठेवला.

"बरं ताई, तुमचा विषय," सरनोबत म्हणाले. "व्यसनमुक्ती केंद्रं. पहिला ठराव, हेमराज पाचपांडे यांच्या नावाने. शब्द दिलाय मी."

ताईंनी चष्मा लावून मसुदा वाचला.

"खर्च फार दिसतो हो. आणि नावाचं तर नकोच, बहिणीनं भावाचं नाव दिलं म्हणून विरोधक धोपटतील." त्यांनी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "मुळात यात मतं कुठे आहेत? दारू सुटलेला माणूस आपल्याला मत देईल याची खात्री नाही. दुकानवाले मात्र नक्की विरोधात जातील. सध्या वगळू या. पुढे बघता येईल."

"अगं वैजयंता," नाना दचकून म्हणाले, "हेमराजचं आहे ते."

"हो, माहीत आहे ना मला," ताई म्हणाल्या, आणि शांतपणे तो मुद्दा खोडला.

नाना पहिल्यांदाच हसायचे विसरले. त्यांनी सरनोबतांच्या पालथ्या घातलेल्या, पुन्हा थरथरणाऱ्या फोनकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि सुपारीचा डबा चाचपडत बसले.

बैठक संपून ताई बाहेर पडल्या तर जिन्याशी मुजावर उभे होते. तसबीर त्यांच्या हातात होती. मांडव उतरवणाऱ्यांनी ती खांबाला टेकवून ठेवली होती, ती ते घेऊन आले होते. झटापटीत त्यांच्या सदऱ्याची बाही फाटली होती.

"ताई," त्यांनी भीत भीत विचारलं, "हेमराज आठवतो?"

"आठवतो की. माझा धाकटा भाऊ. भरीत छान करायचा." ताईंनी तसबिरीकडे एकदा सौजन्याने पाहिलं आणि पर्स खांद्याला लावली. गाडी खाली येऊन थांबली होती. "का हो डॉक्टर, काही काम होतं का?"